बांधावरचा कडुनिंब कोणते पाणी पितो? स्थिर समस्थानिकांच्या अभ्यासाची सुरुवात

बांधावरचे झाड पिकाचे पाणी ओढते की नाही, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. झाडाच्या सावलीतली आणि मुळांच्या टप्प्यातली ज्वारी खुरटलेली दिसते, म्हणून शेतकरी म्हणतो की झाड पाणी चोरते. वनस्पतीशास्त्राचा विद्यार्थी म्हणतो की एवढ्या जुन्या कडुनिंबाची मुळे केव्हाच मुरमात उतरली असतील, त्याला वरच्या ओलीची गरज नाही. दोघेही अंदाजाने बोलत असतात. मुळे उकरून पाहिली तरी उत्तर मिळत नाही, कारण मूळ कुठवर गेले आहे हे दिसते, ते आज कुठून पाणी घेत आहे हे दिसत नाही. हा प्रश्न पाण्यालाच विचारता येतो आणि त्यासाठी स्थिर समस्थानिकांची पद्धत आहे. हा लेख या पद्धतीशी पहिल्यांदाच ओळख करून घेणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, शेतीच्या अभ्यासकांसाठी आणि पाण्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी लिहिला आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीतला एक बांध, एक विहीर आणि एक कडुनिंब समोर ठेवून आपण पायरीपायरीने पुढे जाऊ.

आधी थोडी पायाभूत माहिती

एकाच मूलद्रव्याचे काही अणू इतरांपेक्षा किंचित जड असतात. त्यांच्या केंद्रकात न्यूट्रॉन जास्त असतात, एवढाच फरक. त्यांना समस्थानिक म्हणतात. यातले जे किरणोत्सर्ग करत नाहीत, कधी क्षय पावत नाहीत, ते स्थिर समस्थानिक. गावात काम करताना हे आवर्जून सांगावे लागते, कारण 'अणू' हा शब्द ऐकला की लोक बिचकतात. आपण जमिनीत काहीही मिसळत नाही. पावसाच्या प्रत्येक थेंबात जे मुळातच आहे तेच मोजतो. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजनच्या दर हजार अणूंमागे सुमारे २ अणू १८ वजनाचे असतात आणि हायड्रोजनच्या दर लाख अणूंमागे साधारण १५-१६ अणू ड्युटेरियमचे, म्हणजे दुप्पट वजनाचे असतात. कार्बनमध्ये जड कार्बन-१३ शेकडा १.१ इतका, तर नायट्रोजनमध्ये नायट्रोजन-१५ हजारी ३.७ इतका असतो.

हे प्रमाण जागेनुसार फार थोडे बदलते, म्हणून ते थेट न सांगता एका प्रमाणित पदार्थाशी (पुढे यालाच 'प्रमाण' म्हटले आहे) तुलना करून हजाराच्या पटीत सांगतात. यालाच डेल्टा मूल्य म्हणतात. नमुन्यातील जड-हलक्या अणूंचे गुणोत्तर भागिले प्रमाणाचे गुणोत्तर, त्यातून १ वजा, गुणिले १०००, असा हा साधा हिशेब आहे. उदाहरणार्थ, पाण्यासाठीच्या प्रमाणित पदार्थात ऑक्सिजनचे गुणोत्तर ०.००२००५२ आहे आणि आपल्या नमुन्यात ते ०.००२०००० आले, तर डेल्टा उणे २.५९ प्रतिहजार होतो. उणे मूल्य म्हणजे प्रमाणापेक्षा हलके, अधिक म्हणजे जड. पाण्यासाठी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तयार केलेले समुद्राच्या सरासरी पाण्याचे प्रमाण वापरतात, नायट्रोजनसाठी हवा, आणि कार्बनसाठी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातील एका सागरी जीवाश्मावरून ठरवलेली मोजपट्टी. अहवालात मूल्य देताना ते कोणत्या प्रमाणाच्या तुलनेत आहे हे लिहिले नाही, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

ड्युटेरियमचा शोध हॅरल्ड यूरी यांनी १९३१ मध्ये लावला आणि त्यासाठी त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कामाचा खरा पाया मात्र हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये घातला. जगभरच्या गोड्या पाण्याचे नमुने मोजल्यावर त्यांना दिसले की हायड्रोजनचा डेल्टा हा ऑक्सिजनच्या डेल्टाच्या आठपट अधिक १० इतका असतो. आलेखावर ही एक सरळ रेषा येते, तिला जागतिक पर्जन्यजल रेषा म्हणतात. पाऊस या रेषेच्या आसपास राहतो. पाणी उघड्यावर किंवा मातीच्या वरच्या थरात उन्हाने उडू लागले की हलके रेणू आधी निघून जातात, मागे राहिलेले पाणी जड होत जाते आणि रेषा सोडून उजवीकडे, कमी उताराने सरकते. हा उतार आठऐवजी चार-पाच, कोरड्या मातीत तर त्याहूनही कमी असतो. म्हणजे बाष्पीभवन सोसलेले पाणी आपली ओळख स्वतःच सांगते. जायकवाडीसारख्या पसरट, उथळ जलाशयातून एप्रिलमध्ये कालव्याला सोडलेले पाणी आणि शेजारच्या विहिरीतले पाणी चवीला सारखे लागेल, पण आलेखावर ती दोन वेगळ्या ठिकाणी बसण्याची मोठी शक्यता असते.

याचे एक सोपे माप म्हणजे ड्युटेरियम-आधिक्य: हायड्रोजनच्या डेल्टामधून ऑक्सिजनच्या डेल्टाची आठपट वजा करायची. ऑक्सिजन उणे ३ आणि हायड्रोजन उणे १४ असलेल्या पावसाचे आधिक्य १० येते. तेच पाणी उडून उडून ऑक्सिजन अधिक १ आणि हायड्रोजन अधिक ४ वर आले, तर आधिक्य उणे ४ होते. ही आकडेमोड एकदा वहीवर हाताने करून पाहावी. पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

पहिली पायरी: प्रश्न टोकदार करणे

नवखे अभ्यासक इथेच घाई करतात. 'झाडांच्या पाणीवापराचा समस्थानिकांद्वारे अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झाले. आपला प्रश्न असा हवा: चैत्रात पालवी फुटताना आणि रब्बीच्या ज्वारीला दाणा भरताना, बांधावरचा कडुनिंब जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरमधले पाणी घेतो की त्याखालच्या मुरमातले? यात काळ आहे, खोली आहे आणि दोन स्पष्ट पर्याय आहेत.

ही पद्धत चालण्यामागे एक सुदैवी गोष्ट आहे. बहुतेक झाडांची मुळे पाणी शोषताना जड-हलके असा भेद करत नाहीत. मुळाला मिळालेले पाणी जसेच्या तसे खोडातून वर चढते. बदल होतो तो पानात, जिथे बाष्पोत्सर्जनाने पाणी जड होते. त्यामुळे खोडातले किंवा जुन्या फांदीतले पाणी हे मुळांनी जिथून घेतले त्या पाण्यांचे मिश्रण असते. अपवादही आहेत. खारफुटी आणि खाऱ्या जमिनीतल्या काही वनस्पती हायड्रोजनच्या बाबतीत भेद करतात, म्हणून कोकणच्या खाड्यांमध्ये किंवा गोव्याच्या खाजण जमिनींच्या कडेने काम करणाऱ्यांनी हे गृहीत धरू नये.

या पद्धतीने काय गवसू शकते, याचे १९९१ चे उदाहरण अजूनही शिकवले जाते. अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका दरीत टॉड डॉसन आणि जेम्स एहलरिंगर यांनी ओढ्याकाठच्या झाडांच्या फांद्यांमधले पाणी तपासले. ओढ्यात पाय सोडून उभी असलेली मोठी झाडे ओढ्याचे पाणी जवळजवळ घेतच नव्हती. त्यांचे पाणी खोल भूजलाशी जुळत होते. ओढ्याचे पाणी पीत होती ती लहान रोपे. काठावर झाड दिसले की ते नदीचे पाणी पिते, ही समजूत एका आलेखाने मोडली. बांधावरच्या झाडाबद्दलच्या दोन्ही समजुती आपण तशाच तपासून घ्यायच्या आहेत.

दुसरी पायरी: पाण्याचे सगळे स्रोत टिपणे

झाडातले पाणी मोजणे हा अर्धाच भाग आहे. ते कशाशी ताडून पाहायचे, ती सगळी पाणी मोजलेली नसतील तर फांदीचा आकडा निरुपयोगी. आपल्या बांधावर निदान पाच स्रोत येतात: वर्षभराचा पाऊस, मातीचे वेगवेगळ्या खोलीचे थर, मुरमातली ओल, विहीर, आणि पाटाने किंवा ठिबकने दिलेले पाणी. याखेरीज ज्वारीच्या ताटातले पाणीही घ्यायचे, कारण वाद झाड आणि पीक यांच्यातला आहे.

पावसाचा नमुना घेताना नळी थेट तळापर्यंत गेलेले संग्राहक वापरावेत, म्हणजे साठलेल्या पाण्याचा हवेशी संपर्क कमीत कमी राहतो. पूर्वी पाण्यावर खनिज तेलाचा थर टाकत. लेसरवर चालणाऱ्या आजच्या यंत्रांना तेलाचा अंश बाधतो, म्हणून ते टाळलेले बरे. पावसाची सरासरी काढताना प्रत्येक नमुन्याला त्या पावसाच्या मिलिमीटरचे वजन द्यावे. मृगाच्या ५ मिलिमीटरच्या शिडकाव्याला आणि हस्ताच्या ८० मिलिमीटरच्या झोडपणाऱ्या पावसाला सारखेच मोजले, तर जमिनीत खरोखर मुरलेल्या पाण्याचे चित्र चुकते. जोरदार पाऊस सहसा अधिक उणे असतो, त्यामुळे चूक एकाच दिशेने होते. स्वतःची नोंद सुरू होईपर्यंत अणुऊर्जा संस्थेच्या जागतिक पर्जन्य-समस्थानिक जाळ्यातील मुंबई आणि नवी दिल्ली येथील जुन्या नोंदी पाहता येतात. हे जाळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि त्याची आकडेवारी खुली आहे. पण तिचा उपयोग नजर बसवण्यापुरताच. मराठवाड्यातल्या बांधासाठी मुंबईची रेषा वापरू नये.

विहिरीचे पाणी वरच्या कडेवरून घेऊ नये. उपसा चालू असताना, पंप काही मिनिटे चालल्यावर नळीतून घ्यावे. बाटली २० ते ३० मिलिलिटरची, जाड प्लॅस्टिकची किंवा काचेची, घट्ट झाकणाची असावी. ती काठोकाठ भरावी, वर बुडबुडा राहू देऊ नये. यात आम्ल किंवा कोणतेही संरक्षक घालायचे नसते. काठोकाठ भरलेली काचेची बाटली गोठवू मात्र नये, ती तडकते.

तिसरी पायरी: शेतावरचा दिवस

सगळा प्रकल्प या एका दिवसावर अवलंबून असतो, म्हणून इथे थोडे थांबू.

भर दुपारच्या आसपास, झाड जोमाने पाणी ओढत असताना नमुना घ्यावा. हिरवी कोवळी डहाळी नको, कारण तिच्या सालीतूनही पाणी उडते आणि उरलेले जड होते. साल तपकिरी, खरबरीत झालेली, साधारण पेन्सिल-अंगठ्याच्या दरम्यान जाडीची फांदी सिकेटरने कापावी आणि लगेच चाकूने साल सोलून काढावी. सालीच्या आतल्या थरातून पानांकडून खाली येणारा रस वाहतो आणि त्यातले पाणी वेगळे असते. साल निघाली की खाली ओलसर, पांढरट, हाताला किंचित चिकट लागणारे लाकूड दिसते. ते पाच-सहा सेंटिमीटरचे तुकडे करून बाटलीत टाकायचे, झाकण आवळायचे, त्यावर ताणली जाणारी पॅराफिन फीत गुंडाळायची आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायची. कापण्यापासून झाकण लागेपर्यंत मिनिटाच्या आत काम उरकायला हवे. एकाने कापावे, दुसऱ्याने सोलावे, तिसऱ्याने बाटली आणि नोंद सांभाळावी. एकट्याने हे नीट होत नाही. ज्वारी हे गवत असल्यामुळे तिच्या पानांचा किंवा वरच्या कांड्यांचा उपयोग नाही. जमिनीलगत, मूळ आणि ताट जिथे मिळते तो पांढरा भाग घ्यावा. शेतात तूर असेल तर तिच्या खोडाचा तळचा लाकडी भाग चालतो.

मातीसाठी गिरमिट वापरावे. झाडापासून १ मीटर, ५ मीटर आणि शेताच्या मध्यावर अशा तीन अंतरांवर, प्रत्येक ठिकाणी ०-५, ५-१०, १०-२०, २०-४०, ४०-६०, ६०-१०० सेंटिमीटर आणि त्याखाली मुरूम लागेपर्यंत नमुने घ्यावेत. वरचे थर पातळ ठेवण्याचे कारण असे की बाष्पीभवनाचा सगळा फरक तिथेच दाटलेला असतो. ०-२० असा एकच थर घेतला तर तो फरक सरासरीत हरवतो. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात आणि पहिल्या वळवाचे पाणी थरांना न जुमानता भेगांतून थेट खाली जाते. गिरमिट भेगेत शिरले आहे की भेगांमधल्या ढेकळात, हे प्रत्येक वेळी वहीत लिहावे. मागाहून एखादा थर न समजण्यासारखा आला तर पहिला संशय इथेच घ्यावा.

किती माती घ्यायची, हे हिशेबाने ठरते. मोजणीसाठी निदान २ मिलिलिटर पाणी हाती यायला हवे. वापशावरच्या मातीत २० टक्के ओल असेल तर १० ग्रॅम माती पुरते. वैशाखात ओल ८ टक्क्यांवर आली की २५ ग्रॅम लागते. उन्हाळ्याच्या फेरीला मोठ्या बाटल्या नेण्याचे विसरू नये.

माझ्या सुरुवातीच्या एका फेरीत बाटल्यांच्या झाकणांमधल्या चकत्या जुन्या झालेल्या होत्या. पेटी थंड होती, नोंदी चोख होत्या, वरून सगळे नीट दिसत होते. पण शेतावर केलेले वजन आणि प्रयोगशाळेत केलेले वजन यांत काही बाटल्यांमध्ये तफावत निघाली आणि नेमक्या त्याच बाटल्या आलेखावर उजवीकडे घसरलेल्या होत्या. पाणी झाडाने नव्हे, झाकणाने गमावले होते. पूर्ण उन्हाळी फेरी टाकून द्यावी लागली आणि पुढचा वैशाख येईपर्यंत थांबावे लागले. तेव्हापासून प्रत्येक बाटली भरल्यावर आणि उघडण्यापूर्वी, अशी दोनदा वजन केल्याशिवाय मी पुढे जात नाही. खिशात मावणारा काटा त्यासाठी पुरतो.

फेऱ्या किमान तीन हव्यात: पावसाळ्यापूर्वी वैशाखअखेरीस, पावसाळ्यात वापसा आल्यावर, आणि रब्बीत ज्वारी दाण्यावर असताना. झाडे एक नव्हे, सारख्या जमिनीवरची निदान पाच. एका झाडाचे दहा नमुने म्हणजे दहा झाडे नव्हेत.

चौथी पायरी: लाकडातून आणि मातीतून पाणी काढणे

सर्वांत रूढ पद्धत निर्वात ऊर्ध्वपातनाची आहे. नमुन्याची नळी सुमारे १०० अंशांवर तापवायची, निर्वात नळीमार्गातून वाफ पलीकडे न्यायची आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या नळीत गोठवायची. पाणी शेवटच्या थेंबापर्यंत यायला हवे, कारण हलके रेणू आधी येतात आणि अर्धवट काढलेले पाणी उणे दिसते. पडताळणी सोपी आहे: काढलेल्या पाण्याचे वजन आणि नमुना नंतर १०५ अंशांवर वाळवल्यावर आणखी घटलेले वजन ताडून पाहावे. ९८ टक्क्यांहून कमी पाणी आले असेल तर तो नमुना वेगळा ठेवावा.

दोन गोष्टींबाबत सावध राहावे लागते. काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या चिकणमातीच्या खनिजांच्या थरांमध्ये पाणी घट्ट धरलेले असते. ते वाळूतल्या पाण्यापेक्षा सावकाश निघते आणि त्यातले सगळेच पाणी मुळांना मिळणारे नसते. म्हणून हलक्या जमिनीसाठी ठरवलेला वेळ भारी जमिनीला तसाच लावू नये. वाळवलेल्या मातीला माहीत असलेले पाणी घालून, ते परत काढून, किती फरक पडतो हे स्वतःच्या मातीवर आधी तपासावे. दुसरी गोष्ट लाकडाची. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांमध्ये असे आढळले की या पद्धतीने फांदीतून काढलेल्या पाण्याचा हायड्रोजन खऱ्यापेक्षा सरासरी सुमारे ८ प्रतिहजारने उणा येतो. ऑक्सिजनवर तसा मोठा परिणाम दिसला नाही. फांद्यांचे सगळे बिंदू मातीच्या बिंदूंच्या खाली तरंगताना दिसले, तर झाडाला एखादा गूढ जलस्रोत सापडला आहे असे मानण्याआधी ही चूक आठवावी. माझ्या मते नवख्यांनी झाडांच्या निष्कर्षासाठी ऑक्सिजनवर भर द्यावा आणि हायड्रोजनचा उपयोग बाष्पीभवन ओळखण्यासाठी करावा.

ऊर्ध्वपातनाची सोय नसेल तर मातीसाठी पिशवीची पद्धत आहे: हवाबंद पिशवीत माती आणि कोरडी हवा भरून एक-दोन दिवस स्थिर तापमानात ठेवायची आणि वरची वाफ थेट लेसर यंत्राला द्यायची. ती स्वस्त आहे, पण पिशवीतून वाफ झिरपत नाही ना आणि खोलीचे तापमान खरोखर स्थिर आहे ना, यावर सगळे ठरते.

पाचवी पायरी: मोजणी

पाण्याची मोजणी दोन प्रकारच्या यंत्रांवर होते, वजनानुसार वेगळे करून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर आणि लेसर विश्लेषक. लेसर यंत्र आकाराने लहान आणि वापरायला सोपे असते, पण वनस्पतीतून पाण्याबरोबर आलेल्या मिथेनॉल-इथेनॉलसारख्या पदार्थांना ते फसते. विहीर आणि पाऊस लेसरवर, फांदीचे पाणी शक्यतो मास स्पेक्ट्रोमीटरवर, अशी विभागणी चांगली. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था येथे या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे. नमुने घेण्याच्या आधी, नंतर नव्हे, अशा एखाद्या प्रयोगशाळेशी बोलून बाटलीचा आकार, पाण्याचे प्रमाण आणि लागणारा काळ ठरवून घ्यावा.

प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. प्रत्येक तुकडीत निदान दोन, मूल्याने दूरदूर असलेली प्रमाणित पाणी मोजली का? तिसरे एखादे पाणी केवळ पडताळणीसाठी अनोळखी म्हणून घातले का? आधीच्या नमुन्याची आठवण यंत्रात राहते, म्हणून पहिली काही इंजेक्शने टाकून दिली का? ऑक्सिजनसाठी ०.१ आणि हायड्रोजनसाठी १ प्रतिहजारच्या आसपास अचूकता मिळायला हवी. आपणही बाटल्यांमध्ये दोन-तीन जुळे नमुने वेगळ्या क्रमांकांनी घालावेत. ड्युटेरियम मुद्दाम घातलेल्या पाण्याचे प्रयोग जिथे चालतात, तिथे आपल्या नैसर्गिक नमुन्यांना जवळही येऊ देऊ नये. तशा पाण्याचा एक थेंब संपूर्ण तुकडी बिघडवू शकतो.

सहावी पायरी: आलेख आणि हिशेब

आकडे आले की लगेच सॉफ्टवेअर उघडू नये. आधी कागदावर ऑक्सिजन आडवा, हायड्रोजन उभा असा आलेख काढावा: स्थानिक पावसाची रेषा, तिच्यावर किंवा जवळ विहीर, उजवीकडे कलणारे मातीचे थर, आणि मग फांदी व ज्वारीचे बिंदू. बऱ्याचदा उत्तर इथेच दिसते.

हिशेबाचे साधे उदाहरण घेऊ. हे आकडे समजण्यापुरते आहेत. समजा वरच्या थराचा ऑक्सिजन अधिक १, मुरमातल्या ओलीचा उणे ३ आणि कडुनिंबाच्या फांदीचा उणे २ आहे. वरच्या थराचा वाटा म्हणजे फांदी आणि मुरूम यांतला फरक भागिले दोन स्रोतांमधला फरक: १ भागिले ४, म्हणजे २५ टक्के. पण वरचा थर सगळीकडे अधिक १ कधीच नसतो. तो कुठे शून्य आणि कुठे अधिक २ असेल, तर हाच वाटा ३३ ते २० टक्क्यांमध्ये फिरतो. म्हणून उत्तर 'पाचवा ते तिसरा हिस्सा' असे द्यावे, '२५ टक्के' असे नव्हे. दोन स्रोतांमधला फरक अर्ध्या प्रतिहजारावर आला असेल, जसे भरपूर पावसानंतर सगळी जमीन एकसारखी भिजल्यावर होते, तर हिशेब करूच नये, ०.३ ची अनिश्चितता त्या वेळी उत्तर ६० टक्क्यांनी हलवते. तीनहून अधिक स्रोत असतील तर मिक्ससियारसारखी, संभाव्यतेच्या हिशेबाने स्रोतांचे वाटे काढणारी संगणकीय (बेझियन) मिश्रण-प्रारूपे मदत करतात. मात्र ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकमेकांबरोबर बदलतात, त्यामुळे हाती दोन खुणा असल्या तरी माहिती बहुधा दीडच असते. प्रारूप प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर देते. स्रोत वेगळे नसतील तर ते उत्तर आपण आधी गृहीत धरले त्याचेच प्रतिबिंब असते.

आणखी एक मर्यादा मनात पक्की असावी. ही पद्धत वाटा सांगते, लिटर सांगत नाही. कडुनिंबाच्या पाण्यातला पाचवा हिस्सा वरच्या थरातला आहे, एवढ्याने ज्वारीचे किती नुकसान झाले हे कळत नाही. त्यासाठी खोडातला प्रवाह आणि मातीतली ओल वेगळी मोजावी लागते. उलट दिशेचीही शक्यता तपासावी. काही झाडे रात्री खोलवरचे पाणी उचलून वरच्या कोरड्या थरात सोडतात आणि शेजारची लहान झुडपे-गवते ते वापरतात. डॉसन यांनी १९९३ मध्ये शुगर मेपल झाडाखाली हे समस्थानिकांनीच दाखवले. बांधालगतच्या ज्वारीच्या ताटात शेतमध्यातल्या ज्वारीपेक्षा खोल पाण्याची खूण जास्त दिसली, तर हा प्रश्न विचारावाच लागेल.

त्याच फेरीत कार्बन आणि नायट्रोजन

शेतावर गेलोच आहोत तर पाने आणि वाळवलेली माती जवळ ठेवावी. कडुनिंब, तूर, गहू यांसारख्या वनस्पतींचा कार्बनचा डेल्टा उणे २७ च्या आसपास, तर ज्वारी, बाजरी, ऊस आणि आपली बहुतेक माळरानी गवते यांचा उणे १३ च्या आसपास असतो, कारण त्यांची कार्बन पकडण्याची रासायनिक वाट वेगळी आहे. पहिल्या गटातल्या वनस्पतींना पाण्याची ओढ लागली की पर्णरंध्रे आवळली जातात आणि डेल्टा कमी उणा होतो. ग्रॅहम फार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हा संबंध समीकरणात मांडला, आणि त्याच खुणेवर निवडलेला ड्रायस्डेल हा पाणी जपून वापरणारा गहू ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला.

मातीतला सेंद्रिय कार्बन कोणत्या पिकाने दिला, हेही यातून कळते. पूर्वी उणे २५ असलेली माती उसाच्या लागवडीनंतर उणे २० वर आली आणि उसाचा अवशेष उणे १२.५ असेल, तर ५ भागिले १२.५, म्हणजे ४० टक्के कार्बन उसाचा. पण हा हिशेब दख्खनमध्ये डोळे मिटून करू नये. इथे ज्वारी-बाजरी आणि माळाची गवते पिढ्यानपिढ्या आहेत, त्यामुळे 'मूळ' माती उणे २५ असेलच असे नाही. शेजारची न नांगरलेली जमीन मोजूनच सुरुवातीचा आकडा ठरवावा. त्याहून मोठी चूक चुनखडीची होते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे आणि भुकटी असते, तिचा कार्बन सेंद्रिय कार्बनपेक्षा खूप जड असतो आणि थोडीशी राहिली तरी आकडा बिघडतो. मातीच्या भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फसफस होते का पाहावे. फसफस असेल तर कार्बनसाठीचा भाग आम्लाने धुवावा किंवा चांदीच्या पुडीत ठेवून आम्लाच्या वाफेत ठेवावा. नायट्रोजनसाठीचा भाग मात्र आम्ल न लावता वेगळा मोजावा, कारण आम्लाने नायट्रोजनचे मूल्य बदलू शकते. नमुने ६० अंशांवर वाळवून पिठासारखे दळावेत आणि दोन नमुन्यांमध्ये दळणयंत्र स्वच्छ पुसावे.

नायट्रोजनमध्ये हवा शून्यावर, युरियासारखी खते शून्याच्या आसपास आणि शेणखत-मैला त्यांच्या बरेच वर, बहुधा १० च्या पुढे असते. विहिरीतला नायट्रेट कुठून आला हे शोधायला याचा आधार घेतात. पाण्यात प्राणवायू नसेल तर जिवाणू नायट्रेट खातात, हलका आधी खातात, आणि उरलेला युरियाचा नायट्रेटही शेणखतासारखा दिसू लागतो. म्हणून नायट्रेटमधला ऑक्सिजनही मोजावा आणि गावातल्या कोणाच्या गोठ्याकडे किंवा शौचालयाकडे बोट दाखवण्याआधी दोन्ही खुणा एकत्र पाहाव्यात.

शेवटची पायरी: नोंद आणि उत्तर

प्रत्येक आकड्यासोबत तारीख, वेळ, खोली, पाणी काढण्याची पद्धत, मिळालेल्या पाण्याची टक्केवारी आणि दोन्ही वजने ठेवावीत. उरलेले पाणी घट्ट बाटलीत, अंधारात, थंड जागी वर्षभर तरी जपावे. एखादा आकडा पटला नाही तर पुन्हा मोजता येतो. आणि ज्यांच्या बांधावर आपण गिरमिट चालवले, त्यांच्याकडे आलेख घेऊन परत जावे. त्यांना ड्युटेरियम समजावून सांगण्याची गरज नसते. 'वैशाखात तुमचा लिंब मुरमातले पाणी पीत होता. माघात त्याच्या पाण्यातला पाचवा ते तिसरा हिस्सा वरच्या ओलीतून आला. ज्वारीचे त्यामुळे किती घटले हे अजून मोजलेले नाही', अशी तीन वाक्ये पुरतात. पुढच्या फेरीत काय मोजायचे, ते बहुतेक वेळा तेच सुचवतात.